भारी चादर

हे आत्ताच सांगायला पाहिजे, रविवारच्या आत, म्हणून मी डबा न खाता टाइपच्या मशीनवर बसलेय. ऑफिसात जेवणाची सुट्टी आहे, सगळे खाली गेलेत. मी थेट छपाईच्या स्टेन्सिलवर मारतेय. खोडायचं लाल औषध संपलंय, त्यामुळे काना-मात्रा सुटला तर सुटला, आणि सरांनी दीड पान दिलं होतं त्याची तीन पानं झाली तर त्यांनी मला रागवावं, पण छापावं.

विषय पाटणकर सरांनीच दिला, मंडळाच्या पत्रकासाठी. सर म्हणजे आपल्या डोंगर मंडळाचे प्रमुख, शाळेत ड्रॉइंग शिकवतात, हे जुन्यांना माहीत आहे. "डोंगर चढणाऱ्या, मुक्काम करणाऱ्या माणसाला उपयोगी भेटवस्तू काय द्यावी" असं मथळ्याला लिही म्हणाले, आणि खाली यादी कर. बॅटरी, दोरी, पाण्याची छागल, असं. मी यादी करायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. कारण पहिली वस्तू मंडळानं आधीच ठरवून टाकलीय. परवा रविवारी सभेत, बिरूअण्णांच्या आठवणीसाठी, डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाला एकेक चादर द्यायची. चादरी आमच्याच मागावरच्या.

त्या देऊ नका. का ते सांगते. जे आमच्याबरोबर आले नव्हते त्यांना फक्त एवढंच माहीत आहे की अण्णा गेले. ते कसे गेले आणि त्यात माझं काय, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगते.

नवी पेठ

बिरूअण्णा आमच्या ऑफिसात शिपाई होते. मूळचे सांगोल्याकडचे धनगर. दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा शहरात आले आणि खाकी कपडे घातले. मंडळात सर नकाशा बघायचे आणि अण्णा वारा बघायचे, आणि दोघांचं जमलं नाही तर आम्ही वाऱ्याचं ऐकायचो. डिसेंबरात त्यांचा दहावा किल्ला होता. दहावा किल्ला करणाऱ्याला मंडळ भेट देतं. ती निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सगळ्यात नवीन आणि सगळ्यात जास्त बोलते. माझा तर हा पहिलाच किल्ला. अम्मा आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हती, पोरीनं डोंगरावर मुक्काम करायचा म्हणून. शैला बरोबर आहे, सर बरोबर आहेत, असं सांगून सांगून मी परवानगी काढली. शैला आमच्या ऑफिसात आवक-जावक बघते.

नवी पेठेत दुकानं बघत मी दोन संध्याकाळी फिरले. तीन सेलची बॅटरी हातात घेतली, पण ती अण्णांकडे होती. पत्र्याचा मग होता, तळाला डांबर लावलेला, आणि त्याच्यावर त्यांचा जीव होता. कॅनव्हासचे बूट बघितले, पण अण्णा जाड पायताणं घालून चढायचे आणि बुटाला हसायचे. शेवटी त्यांनाच विचारलं. ते साहेबांचे ग्लास विसळत होते.

"अण्णा, डोंगरावर माणसाला खरं काय लागतं?"

"दोनच गोष्टी लागत्यात ताई. कोरडं ऱ्हायचं आन् घरला यायचं."

"वस्तू सांगा की. वस्तू."

"वस्तू म्हंजी चहाची किटली बगा. तीबी तुमीच उचलायची, मी न्हाय."

मी हसले आणि पुढं विचारलंच नाही. सांगायचं ते त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, पण मी किटलीवर हसत बसले.

आता सोलापुरात भेट म्हटलं की काय असतं, ते मी सांगायला नको. लग्न असो, निरोप असो, नवा साहेब असो नाहीतर जुना साहेब असो, चादर. आमचं घर पूर्व भागात, आम्ही घरात तेलुगू बोलतो, आणि माझे वडील, त्यांना मी नायना म्हणते, जन्मभर चादरी विणत आलेत. पण मला नेहमीची नको होती. मी नायनांना म्हटलं, थंडीत पांघरायची आहे, डबल सुताची करा, जितकी जाड होईल तितकी जाड.

नायनांनी माग थांबवला. "घरात पांघरायचं, की बाहेर?"

"तुम्ही विणा हो," मी म्हटलं.

एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारला आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

चादर अशी झाली की बघत राहावं. निळी, काठाला पांढरे मोर, आणि जाडी एवढी की घडी एका हातात मावेना. कोपऱ्यात मी तांबड्या दोऱ्यानं त्यांचं नाव भरलं. निघायच्या आठ दिवस आधी, शुक्रवारी ऑफिस सुटताना सगळ्यांसमोर दिली. अण्णांनी ती दोन्ही हातांवर घेतली, जरा वर-खाली केली, नावावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "लई भारी हाय की ताई."

आमच्या धंद्यात भारी म्हणजे एक नंबर. भारी माल, भारी सूत. याच्यावर शब्द नाही. मी घरी पळत गेले आणि नायनांना सांगितलं, भारी म्हणाले. नायनांनी मला ते दोनदा सांगायला लावलं.

किल्ल्याखाली, शनिवार

किल्ल्याचं नाव मी लिहीत नाही, त्याचा काही दोष नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला आहे एवढं पुरे. एस.टी.चंही सांगत नाही, धूळ आणि उलट्या सगळ्यांना माहीत आहेत. आम्ही सहाजण होतो. सर, अण्णा, शैला, मी आणि बँकेतले दोघे जोशी, जे भाऊ नाहीत.

पायथ्याला आठ-दहा घरं. आपल्याकडे घराला सपाट धाबं, उन्हाळ्यात वर झोपायला. इथं गवताची छपरं पार जमिनीला टेकलेली, आत जायला वाकावं लागतं. मी विचारलं एवढी उतरती का, तर जिच्या घरी आम्ही उतरलो ती हौसाबाई म्हणाली, "पावसाला वाट नको का बाई?" मला गंमत वाटली. आमच्याकडे पावसाला वाट करून द्यायची वेळच येत नाही.

तिनं नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं वाढलं. काळी भाकरी मी पहिल्यांदा खाल्ली. तोंडात जरा वाळू आल्यासारखं वाटतं, मग गोड लागते. मी आपली शेंगाची चटणी काढली. हौसाबाईनं चिमूटभर जिभेवर ठेवली आणि डोळ्यातून पाणी काढत म्हणाली, "ही खाऊन जगता व्हय तुम्ही?"

"जगत न्हाय," अण्णा म्हणाले, "म्हून तर डोंगरावर पळून येतोय."

सगळे हसले. हौसाबाईनं मग अण्णांच्या बोचक्याकडे बघितलं. तिनं त्यांना ओळखलं होतं, शेजारच्या किल्ल्यांवर जाताना मागं दोनदा ते तिच्याच घरी उतरले होते.

"धनगर माणूस, आन् ह्या खेपेला घोंगडं न्हाई?"

"ह्या खेपेला शहरातली चादर हाय," अण्णांनी कोपरा उलगडून नाव दाखवलं. "बघ. माजं नाव हाय हिच्यावर. घोंगड्यावर असतंय का कुनाचं?"

माझी मान ताठ झाली, खोटं का बोलू.

हौसाबाई दारात जाऊन वर बघून आली. ढग होते. डिसेंबरात असे नसतात. उद्या सकाळी चढा म्हणाली. सरांनी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी बोट ओलं करून वारा बघितला आणि म्हणाले, येतोय पाऊस, पन थोडका. सोमवारी सगळ्यांना कामावर हजर व्हायचं होतं. आम्ही निघालो. अण्णांच्या पाठीवर तांदूळ, पातेलं, दोरी आणि वर चादर.

थोडका नव्हता.

अर्ध्या चढणीत पहिला सडाका आला, तीन वाजले असतील. आम्ही मेणकापडाच्या टोप्या, रुमाल, जे मिळेल ते डोक्यावर घेत होतो. अण्णांचे हात आपोआप चालले. त्यांनी चादर झटकली, एक कोपरा आत दुमडला, मधोमध टोक काढलं आणि डोक्यावरून घेतली. धनगर घोंगड्याची अशीच खोळ करतात, पुढं तोंड मोकळं, मागं पार पोटरीपर्यंत झाकलेलं. लहानपणापासून पाऊस आला की हात तेच करणार. घोंगड्यावरून पाणी घरंगळतं. ही चादर होती.

"अण्णा, नवरदेव दिसताय," सर म्हणाले.

"नवरदेवाला येवढं वझं कोन देतंय वो?"

मी त्यांच्या मागं चालत होते. चादर निळी होती ती काळी झाली. काठाच्या मोरांतून पाणी गळत होतं, धार लागल्यासारखं. मला एवढंच वाटलं की रंग जाणार नाही, नायनांचा रंग पक्का असतो.

वर

वर एक देऊळ आहे, अर्ध्याला छप्पर आणि अर्ध्याला आभाळ. दोघा जोशांनी चादर दोन टोकांना धरून पिळली. तुम्ही ओलं धोतर पिळता तसं नाही, दोघांनी मिळून सगळी ताकद लावली. पाण्याचा ओहोळ गेला पायरीवरून. सोडली तर ती तेवढीच जड. डबल सूत.

मेणकापड एकच मोठं होतं, ते अण्णांनी कोरड्या कोपऱ्यात आम्हा दोघींना बांधून दिलं. सर आणि जोशी सरांच्या कांबळ्यात शिरले. अण्णा ओल्या लाकडाशी झटत राहिले, दोन काड्यापेट्या संपल्या, धूर झाला, जाळ झाला नाही. तसाच ओला सदरा, वर ओली चादर, दारातल्या वाऱ्यात. मी म्हटलं, अण्णा, माझी सोलापुरी घ्या, माझी कोरडी आहे, मी आणि शैला एकीत झोपतो.

"मला सवय हाय," ते म्हणाले. "झोपा तुमी. पोरीची जात, आजारी पडला तर तुमची आई मला खाईल."

आणि मी झोपले. रात्रीचं काही लिहायला माझ्याकडे नाही. मला छान झोप लागली होती.

सकाळी पाऊस थांबलेला, सगळीकडे धुकं. अण्णा दाराच्या खांबाला टेकून बसले होते, चादर अंगाभोवती. मला आधी बरं वाटलं, कारण ते कुडकुडत नव्हते. संध्याकाळी त्यांचे दात वाजत होते, आता वाजत नव्हते. म्हणजे थंडी गेली, असं मला वाटलं. जवळ गेले तर त्यांनी सदऱ्याची बटणं काढली होती.

"ताई," ते म्हणाले, सावकाश, दारू प्यालेल्या माणसासारखं. "ऊन लागतंय. मेंढरं सावलीला घ्या की."

ऊन कुठंच नव्हतं. मेंढरं तीन वर्षांपूर्वी गेली होती.

मी सरांना हाक मारली. मग सगळं एकदम. सरांनी त्यांचा सदरा काढून आपला स्वेटर घातला, जोशी तळपाय चोळत होते, शैलानं कंदिलातलं रॉकेल ओतून, त्याच्याच वातीवरून पेटवून कसाबसा जाळ केला आणि पाणी तापवलं. ते तोंडातून खाली उतरेना, हनुवटीवरून गळत राहिलं. त्यांचा हात मी धरला होता. थंड म्हणजे कसा, आपण पहाटे नळाची तोटी धरतो तसा.

खाली न्यायचं तर कशात? मी दिलेल्याच चादरीत. एक सरळ फांदी तोडली, चादरीची दोन्ही टोकं तिला गाठ मारून झोळी केली, आत मेणकापड आणि आमची पांघरुणं घातली आणि त्यांना ठेवलं. चौघं आळीपाळीनं खांदा देत होते. पायऱ्या शेवाळलेल्या. एका ठिकाणी धाकटा जोशी घसरला, फांदी खडकावर आपटली आणि सगळं वजन एका बाजूला गेलं. मी डोळे मिटले. चादर टिकली. एक धागासुद्धा उसवला नाही.

मी पुढं होते, तीन बॅगा घेऊन. पहिला टप्पा ते मेंढरांशी बोलत होते, नावानं. मग बोलायचे थांबले. कुठल्या वळणावर थांबले ते मला माहीत नाही, मी पायऱ्या बघत होते.

हौसाबाई अर्ध्या वाटेवर भेटली, दोन घोंगडी घेऊन पळत आली होती. तिथंच त्यांना गुंडाळलं, घरी चुलीपाशी ठेवलं. तिनं सुंठ तापवून तळपायाला चोळली, खूप वेळ चोळली. मग तिचा हात थांबला. तिनं घोंगडं वर ओढलं, आधी छातीपर्यंत आणि मग तोंडावर.

तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी विचारलं, अंगावर काय होतं? सर म्हणाले, चादर. कोरडी का ओली? ओली. डॉक्टरांनी लिहून घेतलं. पुढं काही विचारलं नाही, आणि मला वाटतंय त्यांनी विचारायला हवं होतं, मी तिथंच सांगून टाकलं असतं.

सांगोला

त्यांचं सामान आमच्याकडे राहिलं होतं. बोचकं, मग, पायताणं आणि चादर. अम्मानं चादर चार वेळा धुतली. वाळायला पुरे दोन दिवस लागले, सोलापूरच्या उन्हात. नायना रोज जाऊन तिला हात लावून बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मी येतो तुझ्याबरोबर. नायना माग सोडून कधी कुठं जात नाहीत.

सांगोल्याला उतरून आम्ही दोन तास चाललो. बाभळी, पांढरी माती, मधेच टँकरची वाट बघणाऱ्या घागरींची रांग, माणसं नाहीत, नुसत्या घागरी. अण्णांची वस्ती म्हणजे दोन घरं आणि एक वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. त्यात तीन मेंढ्या. सखुबाई, त्यांची बायको, कपाळ मोकळं, बाहेर आली. म्हातारे सासरे घराच्या सावलीला बसले होते.

आमच्यात पाहुणा आला की आधी चहा. इथं आधी पाणी. तिनं तांब्या भरून दिला आणि नायनांनी तो अर्धाच पिऊन परत केला, कारण रांजणातलं पाणी किती खाली गेलंय ते दारातून दिसत होतं. भाकरी आणि ताक झालं. मी सामान काढून एकेक ठेवलं. तिनं पत्र्याचा मग उचलला, तळाचं डांबर बघितलं, बाजूला ठेवला. चादर मी शेवटी काढली.

घरात खुंटीला घोंगडं होतं. काळं, काठाला पांढरी रेघ. नायनांची नजर तिथंच जात होती. विणकराचा हात, राहवत नाही. शेवटी उठले आणि त्याचा काठ बोटात धरला.

"कुणी विणलं हे?"

"सणगरानं," म्हातारे म्हणाले. "लोकर आमची. बिरूच्या मेंढरांची, दुष्काळाच्या आदी कातरल्याली. आता ती मेंढरं न्हायत आन् त्योबी न्हाय."

"पाणी किती धरतं?"

म्हाताऱ्यांनी सुनेकडे बघितलं. सखुबाईनं घोंगडं काढून दोन कोपरे स्वतः धरले, दोन आम्हा दोघांच्या हातात दिले, मधे खळगा झाला. म्हाताऱ्यांनी उरलेला अर्धा तांब्या त्या खळग्यात ओतला. पाणी तसंच राहिलं. पाऱ्यासारखं इकडून तिकडं हललं, आमची तोंडं त्यात दिसत होती. खाली एक थेंब आला नाही. मग त्यांनी कोपरा वाकवून ते पाणी परत तांब्यात घेतलं आणि मेंढीपुढं ठेवलं.

नायनांनी चादर मांडीवर घेतली. रांजणातलं पाणी मागितलं नाही, स्वतःच्या बाटलीतलं ओंजळभर घेतलं आणि चादरीवर सोडलं. दिसलंच नाही. नुसता एक काळा डाग, आणि तो पसरत गेला.

"पितंय," नायना म्हणाले.

मग मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं. "वहिनी, घोंगडं घरी का राहिलं?"

सखुबाईनं घोंगड्याची घडी घालता घालता सांगितलं, रागानं नाही, कालची गोष्ट सांगावी तसं. "त्या शुक्रवारच्या रातीला हितं आलते की, सामान घ्यायला. म्या म्हनलं, दोन्ही न्ह्या. तर म्हनले, चादर लई भारी हाय, दोन्ही न्हाय झेपायची. मंग म्हनलं, घोंगडं न्ह्या आन् चादर ऱ्हाऊ द्या हितं. तर म्हनले, ताई संगं हाय, ती बगंल की. वाईट वाटंल तिला."

लई भारी हाय.

म्हणजे शुक्रवारी ऑफिसात त्यांनी चादर वर-खाली केली होती ती वजन बघायला. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं, तोंडावर, सगळ्यांसमोर. आणि मी ते पळत जाऊन नायनांना सांगितलं होतं. नायना माझ्याकडे बघत होते. त्यांनाही आत्ता कळलं.

म्हातारे मेंढीकडे बघत बसले. सखुबाईनं मग चादर जवळ ओढली आणि जिथं झोळीची गाठ मारली होती तिथं, अजून सुरकुती आहे, बोट ठेवलं.

"हितनं धरून आनलं व्हय तेंना?"

"हो."

"फाटली न्हाय कुटं?"

"नाही."

तिनं चादर उलटी-सुलटी करून बघितली. "मंग चांगली हाय," ती म्हणाली, आणि आत नेऊन पोरीच्या अंथरुणावर घातली.

मागाजवळ

परत येताना मंगळवेढा आलं. तिथं एस.टी. थांबली, लोक चहाला उतरले, तेव्हा नायना खिडकीकडे बघतच म्हणाले, "तू बाहेर म्हणाली असतीस, तर मी सांगितलं असतं. तसलं पांघरूण आपल्याकडे नाही."

घरी मागावर मंडळाच्या चादरींचं सूत चढलेलंच होतं. सर स्वतः आमच्याकडे येऊन सांगून गेले होते, बिरूची होती तशीच, निळी, मोरांची, जाड. सरांचे डोळे भरले होते, त्यांना नाही म्हणवलं नाही. दोन विणून झाल्या होत्या. नायनांनी बसून पाऊण तास मागाकडे बघितलं आणि मला म्हणाले, तुझं मशीन जोरात चालतं, तूच लिही. मी घरात झोपणाऱ्या माणसाला विणतो. डोंगरावर झोपणाऱ्याला दुसरं कुणी विणतं, त्याच्याकडे जा.

म्हणून हे. सर, तुम्ही हे वाचून स्टेन्सिल बाजूला ठेवाल असं मला वाटत नाही, पण ठेवलंत तर मी सभेत उभी राहून वाचेन.

तुम्हाला यादी हवी होती. ही घ्या. मेणकापड, प्रत्येकाला वेगळं, एकात दोघी नको. काड्यापेटी मेण ओतून घट्ट झाकणाच्या डबीत. एक कोरडा लोकरीचा बनियन, जो डोंगरावर पोचेपर्यंत अंगात घालायचा नाही. आणि सांगोल्याकडचं घोंगडं, टोचलं तरी. सखुबाईच्या घरापासून एका कोसावर सणगर आहे, मी विचारून आलेय. हे सगळं देताना समोरच्याला विचारा, हे घेतलंत तर काय घरी ठेवाल? आणि त्यानं घरी ठेवायचं ते तुमचंच असलं, तर मला वाईट वाटणार नाही असं तोंडानं म्हणा. मनात म्हणून भागत नाही. हे एक वाक्य मी शुक्रवारी बोलले असते तर खुंटीवर चादर राहिली असती.

सुट्टी संपली, खालून लोक वर यायला लागलेत. पाणी आता ज्याचं त्यानं घ्यायचं असतं, अण्णांच्या जागी अजून कुणी आलं नाही.

एकच विचारायचंय. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का? तुमच्या हातच्या वस्तूला कुणी भारी म्हटलं, तुम्ही घरी पळत गेलात, आणि तो माणूस ओझ्याबद्दल बोलत होता? झालं असेल तर रविवारी मला सांगा. सभेत नको वाटलं तर बाहेर पायरीवर सांगा, मी तिथंच बसलेली असेन.